दगडाला विरजण

मी फोनवर मुंबईच्या एका दुकानदाराला ड्राय रॉकचा, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीत ठेवायच्या कोरड्या, मेलेल्या दगडाचा, भाव विचारत होतो. भाव सांगून झाल्यावर त्याने आवाज जरा खाली आणला आणि म्हणाला, "ओरिजिनल देऊ का? समुद्रातलं. महाग पडेल, पण टाकीत ठेवलं की लगेच मासे सोडता येतील." मी नको म्हटलं. त्याला वाटलं भावामुळे नको म्हणतोय, म्हणून त्याने भाव कमी केला. मी पुन्हा नको म्हटलं आणि फोन ठेवला.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगड शोभेसाठी ठेवत नाहीत. दगड हाच त्या टाकीचा खरा फिल्टर असतो. प्रवाळांच्या जुन्या सांगाड्यांचा तो चुनखडीचा सच्छिद्र दगड. वरवर बघितलं तर खडबडीत ढेकूळ, पण फोडून पाहिलं तर आत हजारो बारीक भोकं. त्या भोकांत जिवाणू राहतात. मासा जे टाकून देतो त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनिया माशाला विष. दगडावरचे काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. आणखी खोल, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटमधून नायट्रोजन वायू मोकळा करतात आणि तो हवेत निघून जातो. हे सगळं ज्या दगडात चालू आहे तो लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत दगड.

असा दगड समुद्रातून उचलून आणणं आपल्याकडे गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि २००१ पासून भिंत बांधणारे सगळे दगडी प्रवाळ त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघ आहे त्याच परिशिष्टात. कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार एवढ्याच जागी आपल्याकडे मोठी प्रवाळभित्ती आहे. अमळनेरात बसून माझ्या हौसेसाठी त्यातला तुकडा तोडून मागवणं मला पटणारं नव्हतं, आजही पटत नाही. मेलेला दगड घेऊन तो आपणच जिवंत करायचा, असं मी ठरवलं. त्याला किती दिवस लागतील याचा तेव्हा अंदाज नव्हता.

माझं अमळनेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या जळालेल्या मोटारी येतात, त्या भरून देतो. माशांचा नाद लहानपणापासूनचा, पण गोड्या पाण्याचा. काही वर्षांपूर्वी मुलीला मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं होतं. १९५१ पासूनचं ते मत्स्यालय मीही शाळेच्या सहलीत पाहिलेलं. मुलगी क्लाउनफिशच्या काचेसमोरून हलेना. परत येताना गाडीत म्हणाली, "पप्पा, आपली तापी पण समुद्रातच जाते ना? मग समुद्र आपल्याकडे का नाही येऊ शकत?" तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते हे तिला भूगोलात नुकतंच शिकवलं होतं. तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी करून घेतली. साधारण एकशे नव्वद लिटर. आता दगड.

आमच्याकडे दगडांना तोटा नाही, पण तो सगळा काळा पाषाण. लाव्हा थंड होऊन झालेला बेसाल्ट. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींत याच दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात, पण माझ्या कामाला हा दगड नाही. एक तर तो घट्ट, आतून भरीव. दुसरं म्हणजे त्यात चुना नाही. चुनखडीच्या दगडावर पातळ ॲसिडचे दोन थेंब टाकले की फेस येतो, आमच्या पाषाणावर काहीच होत नाही. म्हणून दहा किलो ड्राय रॉक दुसऱ्या एका दुकानातून मागवला आणि आठ-नऊ किलो घरी बनवायचं ठरवलं.

घरी बनवायला पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि खडे मीठ लागतं. शिंपले कुठून आणायचे हा प्रश्न नवापूरने सोडवला. नवापूरला कुक्कुटपालन मोठं. अंड्याचं कवच जाड व्हावं म्हणून कोंबड्यांना शिंपल्याचे तुकडे चारतात, ते तिथल्या कोंबडीखाद्याच्या दुकानांत पोत्याने मिळतात. सुरत-भुसावळ लाइनवर आमचं नवापूरला येणं-जाणं असतंच. एक पोतं आणलं, चाळून माती काढली, तीन पाण्यांनी धुतलं.

संक्रांतीच्या आठवड्यात दगड पाडले. एक भाग सिमेंट, चार भाग शिंपले, दीड भाग खडे मीठ. पाणी अगदी बेताचं, मुठीत दाबल्यावर लाडू वळला जाईल इतकंच. जास्त पाणी झालं तर मीठ आधीच विरघळतं आणि भोकं पडत नाहीत. अंगणात ओल्या वाळूत खड्डे केले, कुठे बोट खुपसून, कुठे वांगं दाबून, म्हणजे आकार वेडेवाकडे येतील. त्यात मिश्रण हलक्या हाताने भरलं. थापायचं नाही, थापलं की दगड ठोकळा होतो. दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवून बाहेर काढले आणि पाण्याच्या टबात बुडवले. मीठ विरघळत गेलं तसतशा त्याच्या जागी पोकळ्या पडल्या. आठ दिवसांनी एक दगड उचलून फुंकर मारली तर वारा दुसऱ्या बाजूने बोटाला लागला. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

पण सिमेंटचा दगड लगेच टाकीत चालत नाही. त्यातून चुना सुटत राहतो. पहिल्या आठवड्यात टबातल्या पाण्याचा पीएच बारापर्यंत गेला होता, बोटं बुळबुळीत व्हायची. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठ-सव्वाआठ. दर चार दिवसांनी पाणी बदलत गेलो. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे दर वेळी टब रिकामा करताना जिवावर यायचं. तरी घाई केली नाही. सव्वादोन महिने लागले. पाणी आठ दिवस तसंच ठेवूनही पीएच साडेआठच्या वर जाईना, तेव्हाच ते दगड पुढच्या कामाला घेतले.

विकतचा ड्राय रॉक वरून पांढरा, स्वच्छ दिसतो. त्यावर जाऊ नये. खोल भोकांत वाळून बसलेले जुने जीव असतात, ते पाण्यात सडतात. त्यासाठी तो आधी ब्लीचमध्ये ठेवायचा. दहा भाग पाण्यात एक भाग साधं घरगुती ब्लीच, दोन दिवस. मग भरपूर पाण्याने धुवायचा आणि उन्हात टाकायचा. या एका कामात आपल्या खानदेशाचा हात कोणी धरणार नाही. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, चार दिवस दगड पसरून ठेवले तर क्लोरीनचा वासही उरत नाही. तरीही शेवटी हायपोच्या पाण्यातून काढायचे. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटोग्राफर वापरायचे तेच. ते उरलंसुरलं क्लोरीन मारतं.

दगडाच्या वरच्या थरात फॉस्फेट बसलेलं असतं आणि पुढे त्यावरच शेवाळ पोसतं. तो थर काढायला मी विकतचा दगड वीस मिनिटं पातळ ॲसिडमध्ये बुडवला. दहा भाग पाणी, एक भाग हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ॲसिड. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात ॲसिड ओतायचं, उलटं कधीच नाही. उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. आणि ब्लीच न् ॲसिड एकमेकांच्या जवळही येऊ द्यायचे नाहीत, दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू निघतो, त्याने माणूस मरू शकतो. माझ्या दोन कामांत पूर्ण आठवडा गेला होता आणि दगड मधे वाळलेला होता. सिमेंटच्या दगडांना मात्र ॲसिड दाखवायचं नाही, ते विरघळून जातात.

आता माझ्या एका चुकीबद्दल. यात मी दहा किलो दगड आणि दीड महिना गमावला, म्हणून ती सविस्तर सांगतो.

विकतच्या दगडाची पहिली खेप मी दुकानातल्या निळ्या ड्रममध्ये मिठाच्या पाण्यात ठेवली होती. ड्रम साबण लावून घासला होता, आतून चकचकीत होता. दहाव्या दिवशी मधला दगड उचलला तर त्याच्या खालच्या अंगाला नखाएवढा हिरवट निळा डाग. आधी वाटलं शेवाळ. नखाने खरवडलं तर शेवाळासारखं निघेना, दगडातच मुरलेलं. रंग ओळखीचा होता. जुन्या मोटारीत पाणी शिरलं की वाइंडिंगवर हाच रंग चढतो. ड्रम उपडा केला, टॉर्च लावली. तळाच्या आणि बाजूच्या जोडात, जिथे आतल्या बाजूला बारीक खाच असते तिथे, बोटभर लांबीची तांब्याची तार अडकलेली. या ड्रममध्ये मी दोन वर्षांपूर्वी सोललेल्या कॉइलींचं भंगार साठवलं होतं. मिठाच्या पाण्याने ती तार जवळजवळ खाल्ली होती, हातात घेतली तर मोडली.

तांबं माझं रोजचं भाकरीचं साधन आहे. पण समुद्रातल्या बिनकण्याच्या जिवांना, म्हणजे प्रवाळ, गोगलगाय, झिंगा, खेकडा यांना, ते थोडंसंही चालत नाही. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके पडतात त्या रोगावर तांब्याचंच औषध देतात, लिटरला साधारण ०.२ मिलिग्रॅम. मासा तेवढं सोसतो, पण गोगलगाय आणि झिंगा त्यातच मरतात. म्हणून ते औषध नेहमी वेगळ्या टाकीत देतात. त्याहून वाईट म्हणजे चुनखडीचा दगड तांबं शोषून घेतो आणि पुढे महिनोन्‌महिने थोडं थोडं सोडत राहतो. धुऊन जात नाही. तांब्याचं टेस्ट किट मागवलं, नळीतलं पाणी रंग दाखवू लागलं, आणि मी ते दहा किलो दगड बाजूला काढले. बायको म्हणाली, "अहो, एकाच दगडाला डाग आहे, बाकीचे तरी ठेवा." पण पाणी सगळ्यांचं एकच होतं. ते दगड आता घरामागे तुळशीच्या ओट्याभोवती लावले आहेत.

त्या दिवसापासून माशांचं सामान आणि दुकानाचं सामान वेगळं. बादली वेगळी, पाण्याचा मग वेगळा, फडकंसुद्धा वेगळं. दुकानातून आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय टबात हात घालत नाही. पितळी कॉक, पितळी जोड यांनाही बंदी, कारण पितळात तांबंच असतं. सुदैवाने सिमेंटचे दगड दुसऱ्या, नव्या टबात होते. ते वाचले.

दुसरी खेप मागवली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं.

पाण्याबद्दल थोडक्यात. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, नऊशेच्या आसपास येतो. आरओमधून काढल्यावर पंचेचाळीस, पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनच्या नळीतून काढल्यावर शून्य. त्यात समुद्राचं मीठ, म्हणजे टाकीसाठी मिळणारं तयार मिश्रण, लिटरला साधारण छत्तीस ग्रॅम. जेवणातल्या मिठाने काम होत नाही, कारण कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीची खनिजं त्यात नसतात. खारटपणा हजारी पस्तीस, घनता १.०२५ ते १.०२६. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो पस्तीसच्या द्रावणावरच लावून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य लावला की पस्तीसवर तो कधी कधी दोन अंश चुकतो.

आता दगड स्वच्छ होते, पाणी तयार होतं, पण जीव कुठेच नव्हता. दूध कितीही चांगलं तापवलं तरी विरजण लावल्याशिवाय दही होत नाही. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात, मीही एक बाटली ओतली. पण माझा भरवसा सुरतच्या मित्रावर होता. त्याची टाकी अकरा वर्षांची. मी त्याला समुद्रातला दगड मागितला नव्हता. त्याच्या टाकीखालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या दुसऱ्या टाकीत, वर्षानुवर्षं पडून असलेले सिरॅमिकचे चार तुकडे आणि त्याने स्वतः बनवलेल्या सिमेंटच्या दगडाचा मुठीएवढा तुकडा, एवढंच मागितलं. तो म्हणाला, "भाऊ, घेऊन जा, पण वाळू देऊ नको." खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात ते गुंडाळले, डब्यात घातले आणि भुसावळ पॅसेंजरला बसलो. व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर डबा उघडून कागद ओला आहे ना ते बघायचो. समोरच्या सीटवरच्या आजींनी विचारलं, "औषध आहे का बाबा?" मी म्हटलं, "बी आहे आजी." गाडी तापीच्या बाजूबाजूनेच येते, पण नदी समुद्राकडे जात होती आणि मी समुद्राचं बी उलटं घरी आणत होतो.

आमचं जुनं घर धाब्याचं आहे. लाकडी सरे, वर मातीचा थर, जाड भिंती. बाहेर तव्यासारखं तापलं तरी माजघर गार आणि अंधारं. टब तिथेच ठेवला. अंधार मुद्दाम. उजेड नसला की शेवाळ वाढत नाही आणि जिवाणूंचं काही अडत नाही. टबात दीडशे लिटर पाणी, सगळे दगड, सुरतचं विरजण मधोमध, आणि पाणी फिरवायला दोन पॉवरहेड. पाणी दगडाच्या चारी बाजूंनी फिरलं पाहिजे, एकावर एक रचून ढीग केला तर खालचे दगड गुदमरतात.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. जिवाणूंना खायला अमोनिया लागतो. काही जण टबात कोळंबी सडायला टाकतात. मी अमोनियम क्लोराइड वापरलं. म्हणजे नवसागर, कल्हईवाले वापरतात तोच, पण बाजारातला नाही, प्रयोगशाळेत वापरतात तो शुद्ध. लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया हवा तर दीडशे लिटरला साधारण एक ग्रॅम नवसागर लागतो. एक ग्रॅम मोजायला माझ्याकडे काटा नव्हता, शेजारच्या सोनाराच्या दुकानात जाऊन कागदाच्या पुडीत मोजून आणला.

मग रोज रात्री दुकान बंद करून आलो की टेस्ट. नळीत पाणी, थेंब, हलवायचं, रंग यायची वाट बघायची. मुलगी वहीत आकडे लिहायची. पहिले पाच दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया दोनचा दोनच. नवव्या दिवशी अमोनिया एकवर आला आणि नायट्राइटच्या नळीत पहिल्यांदा गुलाबी झाक दिसली. मुलगी नळी बल्बसमोर धरून ओरडलीच. पंधराव्या दिवशी अमोनिया जवळजवळ संपला, पण नायट्राइट किटच्या शेवटच्या रंगापलीकडे गेलं. इथे पुष्कळ लोक घाबरतात, पाणी बदलतात, नाहीतर बाटलीवर बाटली जिवाणू ओततात. काही करायचं नसतं. अमोनिया खाणारे जिवाणू आधी वाढतात, नायट्राइट खाणारे मागून आणि सावकाश. अठराव्या दिवशी नवसागराचा आणखी एक ग्रॅम दिला आणि थांबलो.

टबाच्या तळाला तपकिरी गाळ साचू लागला. दगड आतून घाण बाहेर टाकत होता. दर रविवारी दगड टबातल्याच पाण्यात हलवून झटकायचे आणि तो गाळ नळीने ओढून काढायचा. पहिल्या दोन आठवड्यांत त्याला आठवडी बाजारातल्या सुकटीसारखा वास येत होता, म्हणजे ब्लीच करूनही आत काही राहिलेलं होतं. तिसऱ्या आठवड्यापासून वास बदलला. पावसाळ्यात माती ओली झाल्यावर येतो त्याच्याजवळचा, थोडा खारट.

माझी माय रोज संध्याकाळी माजघरात दिवा लावायला यायची. एकदा टबापाशी थांबली आणि म्हणाली, "हाऊ दगड जित्ता व्हई का रे?" मी म्हटलं, "व्हई माय, टाइम लागी."

एप्रिल संपत आला आणि उन्हाने जोर धरला. बाहेर पारा ४४ वर, माजघरातसुद्धा टबाचं पाणी ३२ पर्यंत चढलं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. समुद्राच्या टाकीला २५-२६ अंश बरे. चिलर परवडणारा नव्हता. टबावर तिरका पंखा लावला, साधा टेबलफॅन. पाणी तीन-साडेतीन अंशांनी उतरलं. मुंबईच्या दमट हवेत याच पंख्याने एवढं उतरत नाही, आपल्याकडची हवा कोरडी म्हणून पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना गारवा देतं. आपले कूलर चालतात त्याच कारणाने. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. रोज अडीच-तीन लिटर कमी व्हायचं. ते भरताना साधं आरओचंच पाणी घालायचं, खारं घातलं तर टब दिवसेंदिवस खारट होत जातो. टबाच्या बाहेरून मार्करने रेघ मारून ठेवली होती, पाणी रेघेखाली गेलं की भरायचं.

दुसरी काळजी विजेची. वळवाच्या वादळात एका रात्री नऊ तास लाइट गेली. दगडाला वाहतं पाणी मिळालं नाही तर जिवाणू घुसमटतात आणि आठवड्यांची कमाई जाते. या बाबतीत माझा धंदा कामी आला. दोन्ही पॉवरहेड मिळून वीस वॉटच्या आत आहेत, ते बारा व्होल्टवर चालणारे घेतले होते, आणि दुकानातली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी थेट जोडून ठेवली होती. पहाटे लाइट आली तेव्हा पाणी फिरत होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली. अंगणात लिंबाला झोका बांधला होता, घरात पुरणाची, आमरसाची गडबड. त्या दिवशी टेस्ट राहूनच जाणार होती. रात्री जेवणं उरकल्यावर मुलीनेच आठवण केली. एकतिसावा दिवस. नायट्राइटची नळी हलवली, ठेवली, पाच मिनिटं थांबलो. नळी पाण्यासारखी स्वच्छ. किटवर भरवसा बसेना म्हणून दुसऱ्या नळीत पुन्हा केली, तीही स्वच्छ. नायट्रेट वीस. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा एक ग्रॅम नवसागर दिला आणि चोवीस तासांनी बघितलं, तर अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. रात्रीतून जिवाणूंनी सगळा खाऊन टाकला होता.

पुस्तकी हिशोबाने इथे काम संपतं. मी आणखी पाच आठवडे दगड अंधारातच ठेवले, कारण फॉस्फेट अजून ०.६ होतं. तीन वेळा पाणी बदललं, फॉस्फेट शोषणारी जाळी लावली, तेव्हा ते ०.०८ वर आलं. या पाच आठवड्यांत अमोनिया अगदी थोडा थोडा देत राहिलो, नाहीतर जिवाणू उपाशी राहतात. हे पाच आठवडे जास्तीचे वाटतील, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचे तेच. दगडात फॉस्फेट तसंच ठेवून टाकी लावली की पुढचं वर्षभर शेवाळ खरवडत बसावं लागतं. मी तसे दोन जण पाहिले आहेत, दोघांनीही शेवटी टाकी विकली.

त्याच दिवसांत एका रात्री गाळ काढायला टॉर्च घेऊन गेलो. टॉर्च टबाच्या कडेला टेकवली तर प्रकाशाच्या रेघेत पांढरे कण दिसले, खसखशीपेक्षा बारीक. धूळ असेल म्हणून बघत राहिलो. धूळ प्रवाहाबरोबर एका दिशेने जाते. हे कण थांबत होते आणि मग झटका मारून उलट्या दिशेला उडत होते. कोपेपॉड, झिंग्याच्या जातकुळीतले अगदी बारीक जीव. सुरतच्या तुकड्यांतून आलेले आणि इथे, समुद्रापासून अडीचशे किलोमीटरवर, अमळनेरच्या माजघरात वाढलेले. एका दगडाच्या भोकातून केसासारखा बारीक किडा अर्धा बाहेर येऊन चाचपडत होता, उजेड पडताच आत गेला.

मायला उठवलं. तिचा मोतीबिंदूचा चष्मा, वर माझं कॉइल तपासायचं भिंग. बराच वेळ ती वाकून बघत होती. मग टबाची कड घट्ट धरून म्हणाली, "हाली राहिनं व माय!"

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दगड टाकीत रचले. भोकं पाडून ॲक्रिलिकच्या सळ्या घातल्या आणि सांधे एपॉक्सी पुटीने पक्के केले. मधे कमान ठेवली, मागच्या काचेपासून चार बोटं जागा सोडली. दगड थेट काचेच्या तळावर बसवले आणि वाळू मग ओतली. आधी वाळू घातली तर तिच्यात बिळं करणारे जीव खालची वाळू काढतात आणि दगड कोसळतो. उजेड लागताच पंधरा दिवसांत सगळ्यावर तपकिरी साय आली. ते डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ, नव्या टाकीत येतंच. चार गोगलगायी सोडल्या, त्यांनी महिन्याभरात साफ केलं. त्या जगल्या, म्हणजे तांबं नाही, याचा मला मोठा धीर आला.

क्लाउनफिशची जोडी आली श्रावणात, आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाच्या आठवड्यात. त्याही समुद्रातून पकडलेल्या नाहीत, हॅचरीत वाढवलेल्या. घरात रोट, गंगाफळाची भाजी, दारात कानबाईची गाणी, आणि मुलगी हे सगळं सोडून टाकीसमोर बसलेली. ती तारापोरवालात उभी राहायची तशीच, नाक काचेला लावून.

दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, काच पुसताना मी बनवलेल्या एका दगडावर साबुदाण्याएवढा जांभळा ठिपका दिसला. बोटाने पुसून पाहिला, जाईना. कोरलाइन शेवाळ. ते चुन्याचा थर बांधत पसरतं, आणि पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम टिकून असेल तरच येतं. वांगं दाबून केलेल्या खोलगटात, नवापूरच्या शिंपल्याच्या एका तुकड्याच्या बरोबर कडेला तो बसला होता. आता त्या दगडाचा अर्धा भाग जांभळा झाला आहे, पांढरं सिमेंट शोधूनही दिसत नाही.

परवा धुळ्याहून एका मुलाचा फोन होता. कॉलेजात शिकतो, टाकी घेतली आहे, दगड ब्लीचमधून काढून धाब्यावर वाळत घातले आहेत, आणि त्यालाही कोणीतरी "ओरिजिनल" देऊ केलं आहे. मी त्याला म्हटलं, ते घेऊ नको, रविवारी ये. माझ्या टबात त्याच्यासाठी दोन मुठींचा एक दगड ऑगस्टपासून वेगळा ठेवलेला आहे. येताना झाकणाचा डबा आण, स्टीलचा चालेल, तांब्या-पितळेचा नको. वर्तमानपत्रं मी भिजवून ठेवतो.